पाटीवरची अक्षरे

दोन वर्षांपूर्वी, मृग लागायच्या आधी, कंधार तालुक्यातले एक जुने खातेदार नांदेडला माझ्या घरी आले. मी बँकेत होतो तेव्हा पीककर्जासाठी त्यांचे हेलपाटे व्हायचे, त्यातून ओळख झाली आणि मी निवृत्त झाल्यावरही ती टिकली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून चारदा घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर एका मुलाचे नाव आणि नव्या मोंढ्यातला पत्ता होता. थोरल्या लेकीसाठी आलेले स्थळ.

‘‘पोरगं सी.ए. हाय म्हणायलेत सगळे. तुमी बँकेतले. जरा बघून सांगा, साहेब.’’

बघायचे काय, हे त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितले. मुलाच्या वडलांनी सी.ए. जावयाच्या मानाने मागणी घातली होती आणि त्यासाठी तीन एकर विकायची तयारी झाली होती. हुंडा कायद्याने बंद आहे हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, जसे ते बँकेतही माझे ऐकून घेत असत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मोंढ्यात गेलो. एका अडत दुकानाच्या माडीवर कचेरी, बाहेर भलीमोठी पाटी. मुलाचे नाव, त्याखाली ‘बी.कॉम., जी.डी.सी. अँड ए., टॅक्स कन्सल्टंट’ आणि त्याखाली आणखी मोठ्या अक्षरांत जी.एस.टी.पासून पॅनकार्डापर्यंत सगळ्या कामांची यादी. मी म्हणालो, ‘‘यात सी.ए. कुठे नाही.’’ त्यांनी मान वर करून पाटी अक्षर अक्षर वाचली आणि बोट दाखवले. ‘‘हे काय, सी हाय. ए बी हाय.’’

मला हसू आले, पण ते फार टिकले नाही. कारण हाच घोटाळा पस्तीस वर्षे मी बँकेच्या काउंटरच्या आतून पाहिला होता, आणि एकदा स्वतः केलाही होता.

आमच्याकडे हिशेबाशी संबंध असलेल्या माणसाला काय म्हणायचे, याचा गोंधळ जुना आहे. माझे वडील लातूरला गंजगोलाईजवळ एका अडतीवर मुनीम होते. त्यांना कोणी मुनीमजी म्हणे, कोणी दिवाणजी. मोडी त्यांच्या हातात बसलेली, उर्दू दप्तर वाचता येई, आणि निजामाच्या राज्यातला हाली शिक्का व इंग्रजांचा कलदार अशा दोन रुपयांत ते एकाच वेळी हिशेब करीत. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा भाव ते म्हातारपणीही झोपेत सांगत. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकले. परीक्षा मात्र त्यांनी एकही दिली नव्हती. सावकाराने बही हातात दिली, हीच त्यांची परीक्षा आणि हीच पदवी.

त्याच्याही मागे गेलो तर हिशेबाची पदवी आडनावातच असायची. गावचा हिशेब कुलकर्ण्यांचा, परगण्याचा देशपांड्यांचा. फडणीस, पोतनीस, मुजुमदार, दप्तरदार ही सगळी मुळात कचेरीतली पदे. निजामी मुलखात गावच्या हिशेबनिसाला पटवारी म्हणत, म्हणून मराठवाड्यात आजही पटवारी आडनावाचे लोक भेटतात. बापाचे दप्तर मुलाकडे जाई. त्याला बेरीज येते की नाही, हे विचारायची सोय रयतेला नव्हती.

मी स्वतः मराठी घेऊन एम.ए. झालो आणि बँकेत लागलो. काही वर्षांनी बदलीच्या हुकमावर माझ्या नावापुढे शब्द आला: ‘अकौंटंट’. बँकेच्या शाखेत मॅनेजरच्या खालोखालच्या माणसाला तेव्हा अकौंटंट म्हणत. त्या पदाचा कुठल्याही शिक्षणाशी संबंध नव्हता. बँकवाल्यांची सी.ए.आय.आय.बी. ही परीक्षा दिली की पगारवाढ मिळे. तिच्यातही सुरुवातीला ‘सी.ए.’ ही अक्षरे आहेत, आणि ती पास झालेले माझे एक सहकारी लग्नाच्या बाजारात त्या दोन अक्षरांवर थांबून उरलेली गिळत असत! मी हुकूम वडलांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘अकौंटंट झालास, चांगलं झालं. तेरीज जुळवता येते का?’’

त्या गोंधळात एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी, कारण शिकलेल्या घरांतही ती ठाऊक नसते. सी.ए. ही विद्यापीठाची पदवी नाही. ते एका संस्थेचे सदस्यत्व आहे. चार्टर्ड अकौंटंट्स कायदा १९४९ चा. तो १ जुलै १९४९ रोजी लागू झाला, म्हणजे देशाची राज्यघटना अजून स्वीकारली जायची होती आणि आमच्या मराठवाड्याच्या मुक्तीला साडेनऊ महिने झाले होते. त्या कायद्याने जी संस्था उभी राहिली तिच्या सदस्याला ‘चार्टर्ड अकौंटंट’ म्हणवून घेता येते, दुसऱ्या कोणालाही नाही. सदस्य नसताना तसे भासवणे हा गुन्हा आहे. त्यापूर्वी मुंबईत सरकारी जी.डी.ए. हा डिप्लोमा होता. पुढे १९३२ च्या नियमांनुसार ‘रजिस्टर्ड अकौंटंट’ हे नाव आले. कायद्याने ही जुनी नावे मागे टाकली.

‘चार्टर्ड’चे सरकारी मराठी ‘सनदी लेखापाल’. सनद हा शब्द आमच्या भागात इनामाच्या कागदांमुळे सगळ्यांना ठाऊक. एडिंबरोच्या हिशेबनिसांना १८५४ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली, तिथून हे विशेषण निघाले. आपल्याकडे कुठल्या राजाने सनद दिली नाही. दिली ती कायद्याने. पण शब्दाचा दिमाख राहिला. संस्थेच्या जुन्या बोधचिन्हावर गरुड आणि कठोपनिषदातले वचन होते. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो, त्याच्याविषयीचे. २००९ च्या जानेवारीत हैदराबादला ‘सत्यम’चे प्रकरण फुटले आणि सह्या करणारे हिशेब तपासनीस तुरुंगात गेले, तेव्हा मला त्या गरुडाची आठवण झाली होती.

नावापुढे ए.सी.ए. आणि एफ.सी.ए. असे दोन प्रकार दिसतात. लोकांना वाटते की दुसऱ्याने मोठी परीक्षा दिली आहे. तसे नाही. पहिला सहसदस्य, दुसरा फेलो. काही वर्षांचा व्यवसाय किंवा अनुभव आणि वाढीव फी, एवढाच फरक.

आता ही जी दुसरी अक्षरे, आय.सी.डब्ल्यू.ए. लातूर-नांदेडकडचा माणूस सी.ए. ओळखतो, या माणसाला ओळखत नाही, कारण तो गल्लीत पाटी लावून क्वचितच बसतो. तो कारखान्यात असतो. ऊस आत जाऊन साखरेचे पोते बाहेर येईपर्यंत क्विंटलमागे किती खर्च झाला, त्यातले तोडणी-वाहतुकीचे किती, व्याजाचे किती, वाया गेले किती, हे सांगणारा तो कॉस्ट अकौंटंट. त्यांची संस्था १९४४ ची, कायदा १९५९ चा, मुख्यालय कलकत्त्याला, आताच्या कोलकात्याला. २०१२ मध्ये कायदा बदलून संस्थेच्या नावातला ‘वर्क्स’ गेला आणि सदस्य नावापुढे ‘सी.एम.ए.’ लावू लागले. यात एक गंमत झाली. दोन्ही संस्थांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे सारखीच होऊ लागली. शिवाय अमेरिकेतही सी.एम.ए. नावाची दुसरीच एक परीक्षा आहे. ती दोन भागांची, आपली तीन टप्प्यांची. पुण्यातले क्लासवाले जाहिरातीत ‘सी.एम.ए.’ म्हणतात तेव्हा कुठली, हे विचारून घ्यावे लागते. सी.एम. देण्यात आमचे दोन्ही जिल्हे वाकबगार आहेत. नांदेडने दोन दिले, लातूरनेही दोन. सी.एम.ए. मात्र आमच्याकडे अजून समजावून सांगावा लागतो. ज्या मुलखात उसाच्या भावावरून दर वर्षी रस्ते अडतात, तिथे साखरेचा खरा खर्च सांगणारा माणूस अनोळखी राहावा, हे मला विचित्र वाटते. का हे कारखान्यांच्या संचालकांना विचारावे.

कंपनी सेक्रेटरी हा तिसरा; त्यांचा कायदा १९८० चा. ते हिशेबनीस नव्हेत, कंपनी कायद्याचे जाणकार. आमच्याकडे लिमिटेड कंपन्याच थोड्या, म्हणून त्यांच्याविषयी इथे एवढेच.

मोंढ्यातली खरी वर्दळ असते ती टॅक्स कन्सल्टंटची. त्याला गावात सी.ए. तरी म्हणतात नाहीतर ‘वकीलसाहेब’ तरी. पूर्वी विक्रीकराच्या कचेरीत व्यापाऱ्याच्या वतीने उभा राहायचा तो वकील, मग तो कायदा शिकलेला असो वा नसो. विक्रीकर गेला, २००५ मध्ये व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, वकीलसाहेब तेच राहिले. यातले अनेक जण कष्टाळू आणि हुशार. आमच्या भागातल्या निम्म्या व्यापाऱ्यांनी कर भरायला सुरुवात केली ती यांच्यामुळे, असे मी बिनधास्त म्हणेन. पण विवरणपत्र भरणे वेगळे आणि हिशेब तपासून सही करणे वेगळे. १९६१ च्या आयकर कायद्यात ‘अकौंटंट’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तिचा अर्थ फक्त चार्टर्ड अकौंटंट. टॅक्स ऑडिट १९८५-८६ या आकारणी वर्षापासून सुरू झाले, तेव्हा चाळीस लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला ही सही शोधत फिरावे लागले. कॉस्ट अकौंटंटना त्या व्याख्येत घ्यावे ही मागणी जुनी आहे. २०२५ मध्ये नवा आयकर कायदा झाला तेव्हाही ती झाली आणि मान्य झाली नाही. जी.एस.टी.मध्ये दोघांनाही ऑडिटचा अधिकार होता, पण २०२१ मध्ये ते ऑडिटच कायद्यातून गेले. एका शब्दाच्या व्याख्येवर किती कचेऱ्यांची चूल पेटते, हे बाहेरच्याला कळत नाही.

पाट्यांचा एक नियम मात्र सगळ्या वाचकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. सी.ए.ना स्वतःची जाहिरात करण्यावर वर्षानुवर्षे कडक बंधने राहिली, झगमगणारी पाटी लावायची नाही. म्हणून खऱ्या सी.ए.ची पाटी लहान, आणि ज्याला ऑडिटचा अधिकार नाही त्याची माडीएवढी!

माझी चूक सांगतो म्हणालो होतो. १९९६ साली मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. डाळ मिलच्या एका मालकाचे कॅश क्रेडिट वाढवायचे होते. ताळेबंद आला, त्यावर गोल शिक्का, सदस्य क्रमांक, लपेटदार सही. शिक्का पाहून माझे समाधान झाले. अडतीवरच्या मुनिमाचा मुलगा मी, आकडे वाचायला हवे होते. मी शिक्का वाचला. शिलकी माल म्हणून जेवढी तूर दाखवली होती तेवढी त्या गोदामात छपरापर्यंत रचूनही मावली नसती. वर्षाने तपासणी आली तेव्हा कळले की तो क्रमांक दुसऱ्याच कोणाचा होता आणि शिक्का रबरी शिक्के करणाऱ्या दुकानातून करून आणलेला. कर्ज बुडीत गेले. मला खुलासा मागवला गेला, बढतीची मुलाखत दोन वर्षे लांबली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी फक्त विचारले, ‘‘गोदामात गेला नव्हतास?’’

तेव्हा क्रमांक खरा की खोटा हे पाहायचे तर पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागे, आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असे. २०१९ पासून सी.ए.च्या प्रत्येक दाखल्यावर नि अहवालावर अठरा आकडी यू.डी.आय.एन. क्रमांक सक्तीचा झाला. तो संगणकावर घातला की सही खरी की खोटी कळते. माझ्यासारख्या किती जणांच्या खुलाशांतून तो क्रमांक जन्मला असेल! पण तोही सही खरी की खोटी एवढेच सांगतो. गोदामात जायचे काम उरतेच.

आता त्या मुलाच्या जी.डी.सी. अँड ए.कडे येतो. हा सहकार खात्याचा सरकारी डिप्लोमा, सहकार आणि हिशेब यांचा. पदवीधराला ही परीक्षा देता येते आणि ती मराठीतून लिहिता येते. सी.ए.ची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत. खेड्यातून आलेल्या, बी.कॉम.पर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलाला या एका गोष्टीचे मोल काय, ते नांदेडच्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांना विचारा. ही परीक्षा आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर माणूस प्रमाणित लेखापरीक्षक होऊ शकतो, आणि सहकार खात्याच्या नामतालिकेवर नाव आले की सोसायट्या, पतसंस्था यांचे ऑडिट करू शकतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनंतर एक अट आहे, ती मला फार आवडते. लेखापरीक्षकाला, मग तो सी.ए. का असेना, मराठीचे कामचलाऊ ज्ञान हवे. म्हणजे ठरावाचे पुस्तक वाचता आले पाहिजे. सगळ्या भानगडी ठरावाच्या पुस्तकातच असतात.

या मंडळींना सी.ए.च्या खालची पायरी समजायची पद्धत आहे. मीही तसेच समजत होतो. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी ग्रॅच्युइटीची रक्कम एका पतसंस्थेत ठेवली, कारण व्याज जास्त आणि दारावर पाटी, ‘ऑडिट वर्ग अ’. संस्था बुडाली. बाईंना महिन्याला हजार-दोन हजार मिळायचेही बंद झाले, तेव्हा मी जुने अहवाल मिळवून वाचले. मला वाटले होते, कुणा किरकोळ लेखापरीक्षकाने डोळे झाकून सही केली असेल. शेवटच्या वर्षांत तसे झालेही होते. पण त्याआधी चार वर्षे, सायकलवर फिरणाऱ्या एका जी.डी.सी.ए. गृहस्थाने स्वच्छ मराठीत लिहून ठेवले होते: संचालकांच्या नातलगांना विनातारण कर्जे, थकबाकी नव्या कर्जाने फेडून नियमित दाखवली, रोख शिल्लक मर्यादेबाहेर. वर्ग त्यांनी ‘क’ दिला होता. पुढच्या वर्षी ऑडिटर बदलला आणि पाटीवर ‘अ’ आला. दोष दुरुस्ती अहवाल कधी गेलाच नाही. वार्षिक सभेत ‘अहवाल वाचला असे समजण्यात यावे’ म्हटले गेले आणि ‘मंजूर, मंजूर’ झाले. बाई त्या सभेला हजर होत्या. चहा आणि पेढा मिळाला, एवढे त्यांना आठवत होते.

तेव्हापासून मी कुणाची अक्षरे वरची नि कुणाची खालची, हा वाद घालत नाही. मी एकच विचारतो, ही अक्षरे याच्याकडून काढून कोण घेऊ शकतो? बी.कॉम. सहसा कोणी काढून घेत नाही. ती मिळवली की मिळाली. सी.ए.ची संस्था चौकशी करून सदस्याचे नाव पटावरून काढू शकते, कॉस्ट अकौंटंटचीही. प्रमाणित लेखापरीक्षकाचे नाव नामतालिकेतून जाऊ शकते. पण नुसते ‘कन्सल्टंट’ हे कोणी दिलेलेच नाही, तर काढणार कोण? तुमचे पैसे बुडाले तर तक्रार घेऊन जायला एखादे दार आहे की नाही, एवढाच माझ्या लेखी या सगळ्या अक्षरांतला फरक.

त्यात अलीकडे परदेशी अक्षरांची भर पडली आहे. ब्रिटनची ए.सी.सी.ए., तिचे तेरा पेपर, अमेरिकेची सी.पी.ए., जी मुळात तिथल्या एकेका राज्याने द्यायची परवानगी. मोठ्या शहरांतल्या परदेशी कंपन्यांत यांना नोकऱ्या आहेत, चांगल्या आहेत. मात्र तेवढ्या बळावर भारतातल्या कंपनीच्या ऑडिटवर सही करता येत नाही. पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी हे वाक्य दोनदा वाचावे. लातूर पॅटर्नचा सगळा भर डॉक्टर-इंजिनियरवर. वाणिज्याकडे येणाऱ्या मुलाच्या घरी सांगणारे कोणी नसते. नांदेडला आणि लातूरला दोन्हीकडे सी.ए. संस्थेच्या शाखा आहेत, तिथे जाऊन विचारले तरी पुष्कळ. आणि मध्येच अडकलेली मुले? इंटर झाली, फायनल होत नाही, वय तिशीकडे. नातलगांत ‘सी.ए. करतोय’ हेच त्यांचे नाव पडते. पूर्वी त्यांना पुढे संशोधनाकडे वळायचे तर सी.ए. होऊनही दार सगळीकडे उघडे नसे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए., सी.एस. आणि आय.सी.डब्ल्यू.ए.ला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचे मानले. ज्यांचे पुरे झाले त्यांची सोय झाली. ज्यांचे राहिले ते मोंढ्यात पाट्या लावतात.

नव्या मोंढ्यातला तो मुलगा त्यांतलाच निघाला. आम्ही माडीवर गेलो, त्याने खुर्च्या पुसून दिल्या. मी सरळ विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, मी इंटर झालो. फायनलला पाच वेळा बसलो. मग जी.डी.सी.ए. केलं, पॅनलवर आहे. मोंढ्यात सगळे सी.ए. म्हणतेत. आधी प्रत्येकाला नाही म्हणून सांगायचो. मग सांगायचं सोडलं.’’ वडलांनी काय मागितले, हे त्याला ठाऊक नव्हते. निदान तसे तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले होते.

माझे खातेदार बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला विचारले, ‘‘मंग याची सही चालती का न्हाई?’’

‘‘सोसायटीच्या ऑडिटला चालते. इन्कमटॅक्सच्या ऑडिटला चालत नाही.’’

‘‘आमच्या गावात सोसायटीच हाय,’’ ते म्हणाले. आणि जिना उतरताना, ‘‘तीन एकराचं मात्र आता मी बघतो.’’

लग्न पुढच्या वैशाखात झाले. जमीन विकली गेली नाही. एक मोटारसायकल दिली, ती मी न पाहिल्यासारखी केली. पत्रिका मुलाकडची होती, कंधारात छापलेली. वराच्या नावापुढे कंसात छापलेली दोन अक्षरे निळ्या पेनने खोडलेली होती. माझ्या हाती आलेल्या पत्रिकेवर तरी.